संशयाचा फायदा कोणाला?

संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात दोन प्रकरणे विद्यार्थ्यांना हटकून नकोशी वाटतात : विश्वास अंतराल आणि परिकल्पनेची चाचणी. सूत्रे पाठ होतात, परीक्षा पार पडते आणि पुढे या विषयाशी संबंध उरत नाही. वस्तुतः या दोन कल्पनांशी ज्याचे हित निगडित आहे, असा माणूस महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेरच उभा असतो. प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारच्या परिसरात पीक विम्याचा अर्ज भरणारा शेतकरी हा तो माणूस होय.

पीक विम्याची भरपाई प्रत्येकाच्या शेताची स्वतंत्र पाहणी करून ठरत नाही. महाराष्ट्रात बहुतेक प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हा घटक मानला जातो. मंडळातील काही शेते यादृच्छिक पद्धतीने निवडावयाची, त्यांत ठरावीक मापाची चौकट आखावयाची, तीतील पीक कापून, मळून तोलावयाचे आणि त्यावरून हेक्टरी सरासरी काढावयाची, याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमानुसार मंडळासाठी असे किमान १० प्रयोग अपेक्षित असतात. मागील ७ वर्षांपैकी उत्तम ५ वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते. प्रत्यक्ष सरासरी त्याखाली गेली, तरच भरपाई. खरीप २०२५ पासून ही भरपाई केवळ कापणी प्रयोगांवरच द्यावयाचा निर्णय राज्य शासनाने घेतला. त्यामुळे या १० चौकटींचे महत्त्व पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले.

या पद्धतीमागची दोन्ही नावे मराठी आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत होते, त्याच काळात तेथे जर्झी नेमन आणि ईगॉन पिअरसन हे परिकल्पना-चाचणीचे आधुनिक शास्त्र घडवीत होते. विश्वास अंतरालाची कल्पना नेमन यांचीच. ही विद्या घेऊन सुखात्मे मायदेशी परतले आणि यादृच्छिक नमुन्यावर आधारलेली पीक कापणीची पद्धत त्यांनी देशात रुजविली. दुसरे नाव वि. म. दांडेकर यांचे. प्रत्येक शेताऐवजी क्षेत्र हाच विम्याचा घटक मानावा, हा विचार त्यांनी १९७६ साली मांडला आणि १९७९ मध्ये सुरू झालेली प्रायोगिक योजना त्याच तत्त्वावर उभी राहिली.

आता एक काल्पनिक हिशेब पाहावा. समजा, एका मंडळात बाजरीचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी ७ क्विंटल आहे. १० प्रयोगांची सरासरी ७.२ क्विंटल आली. निकाल सरळ : सरासरी उंबरठ्याच्या वर, भरपाई शून्य. परंतु १० शेतांतील उत्पन्न सारखे नसते. त्यांचे प्रमाण विचलन २ क्विंटल असेल, तर ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे ५.८ ते ८.६ क्विंटल असे निघते. खरी सरासरी ५.८ असती, तर विमा संरक्षित रकमेच्या सुमारे १७ टक्के भरपाई देय ठरली असती. ‘७.२’ हा आकडा म्हणजे सत्य नव्हे; तो सत्याचा एक अंदाज आहे. ज्या उंबरठ्याशी तो ताडून पाहावयाचा, तोही अशाच अंदाजांतून तयार झालेला असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ९५ टक्के याचा अर्थ खरी सरासरी या विशिष्ट अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के, असा नाही. ही रीत पुनःपुन्हा वापरली, तर तीतून निघणाऱ्या १०० अंतरालांपैकी सुमारे ९५ सत्याला कवेत घेतील, एवढेच ती सांगते. विश्वास रीतीवर आहे, एखाद्या आकड्यावर नव्हे.

परिकल्पनेच्या चाचणीचे मर्म याहून व्यावहारिक आहे. न्यायालयात आरोपी निर्दोष आहे असे धरून चालतात. पुरावा अपुरा पडला, तर तो सुटतो. पण सुटला म्हणजे निर्दोष ठरला, असे नव्हे. त्याचप्रमाणे ‘नुकसान सिद्ध झाले नाही’ आणि ‘नुकसान झाले नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. चूकही दोन प्रकारची संभवते : नुकसान नसताना भरपाई देणे आणि नुकसान झाले असताना ती नाकारणे. पहिलीचा भार विमा कंपनी व सरकारी तिजोरी उचलते. दुसरीचा भार एकट्या शेतकऱ्याच्या घरावर पडतो.

यावर असे म्हटले जाईल की चुका दोन्ही बाजूंनी होतात, तेव्हा शेवटी हिशेब जुळतोच. हे अर्धेच खरे आहे. भरपाई फक्त उंबरठ्याखालीच मिळत असल्याने, नमुन्यातील चढउतारामुळे एकूण वाटप सरासरीने कमी होत नाही, थोडे वाढतेच. परंतु ते चुकीच्या दारी जाते. शेजारच्या मंडळाला अनपेक्षित रक्कम मिळाली, म्हणून ज्याचे पीक बुडाले त्याचे कर्ज फिटत नाही.

मग प्रयोग वाढवावेत काय? १० चे ४० केले, तर वरील उदाहरणातील चुकीची मर्यादा १.४ वरून सुमारे ०.६ क्विंटलवर येईल. म्हणजे चौपट श्रमांत निम्म्याहून थोडा अधिक लाभ. याहून स्वस्त उपाय नेमन आणि सुखात्मे यांच्याच कार्यात सापडतो. एका मंडळात कालव्याखालची आणि निव्वळ पावसावरची जमीन शेजारी-शेजारी असेल, तर दोहोंचे वेगळे स्तर करून त्यांतून नमुने घ्यावेत. स्तरांतर्गत तफावत कमी असली, की तेवढ्याच प्रयोगांत अंतराल आखूड होतो.

मात्र कोणताही अंतराल पक्षपाताला पकडू शकत नाही. फार लहान चौकट घेतल्यास सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते. चौकट सोयीच्या शेतात आखली किंवा वजन घाईत नोंदले, तर सूत्र बिनचूक असूनही उत्तर खोटे ठरते.

म्हणून दोन गोष्टी व्हावयास हव्यात. मंडळाच्या सरासरीबरोबर तिचा विश्वास अंतरालही जाहीर व्हावा, आणि उंबरठा त्या अंतरालात सापडत असेल, तेथे संशयाचा फायदा कोणाला, हे हंगामापूर्वीच नियमाने ठरावे. तो शेतकऱ्याला दिल्यास विम्याचा हप्ता वाढेल, हे मान्य करूनच तो निर्णय घ्यावा लागेल. आज तो निर्णय होत नाही असे नाही. तो न बोलता होतो, एवढेच. दुसरे असे की कोल्हारसारख्या गावांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नाण्याच्या छापा-काट्याऐवजी कापणीच्या चौकटीपाशी न्यावे. तोललेल्या धान्यावरून अंतराल काढता येणारा मुलगा उद्या ग्रामसभेत ‘ही सरासरी किती शेतांवरून काढली आणि त्यांत तफावत किती होती?’ असे विचारील. त्या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय कचेऱ्यांना लागणे, हीच या शास्त्राची खरी परीक्षा होय.