फेरारीचं चाक, लालबागची खोली

शनिवारी संध्याकाळी दादरहून लालबागला येताना टॅक्सीवाल्याने आरशातून तीनदा मागे पाहिलं. माझ्या मांडीवर फेरारीचं स्टीअरिंग होतं. म्हणजे फेरारीच्या स्टीअरिंगची नक्कल. पण नक्कल इतकी सॉलिड की परळच्या सिग्नलला शेजारच्या बाइकवाल्यानेही हेल्मेटची काच वर केली. शेवटी टॅक्सीवाल्याला राहवलं नाही. ‘साहेब, गाडी कुठे राहिली?’

‘ती घ्यायचीय अजून,’ मी म्हटलं.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. गेली चार वर्षं मी सिम रेसिंग करतो. सिम रेसिंग म्हणजे मोबाइलवर अंगठ्याने गाडी पळवणं नव्हे. टेबलाला स्टीअरिंग बांधायचं, खाली पेडल ठेवायचे आणि खऱ्या ट्रॅकच्या मोजमापाने बनवलेल्या ट्रॅकवर गाडी चालवायची. गाडी घसरली की चाक हातात झटका देतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खऱ्या रेस बंद होत्या, तेव्हा चार्ल्स लेक्लेर आणि लँडो नॉरिससारखे फॉर्म्युला वनचे ड्रायव्हरही घरात बसून हेच करत होते. मी तेव्हा घरात बसून त्यांना बघत होतो. पुढच्या वर्षी पहिला सेट घेतला.

आता दादरचा माझा एक मित्र नवीन, महागडा सेट घेतोय आणि जुना काढून टाकतोय. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या मोटरला चालतात. एक, हे फॉर्म्युला स्टीअरिंग. किंमत २२ हजार. दुसरी, लोडसेल पेडल. किंमत १४ हजार. माझ्या बोनसमधून आईने या खात्यावर मंजूर केलेली रक्कम २५ हजार. म्हणजे दोन्हीपैकी एकच. मित्र दिलदार. म्हणाला, ‘दोन्ही घेऊन जा, आठवडाभर वापर, मग सांग.’

लॅमिंग्टन रोडला सहज नव्याची चौकशी केली होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘मागवून देतो, पण वॉरंटीचं तुमचं तुम्ही बघा.’ म्हटलं, मित्रच बरा.

नव्यात नवीन काय?

हे चाक म्हणजे थ्रस्टमास्टरचं फेरारी एसएफ१००० एडिशन. २०२१ मध्ये बाजारात आलं, तेव्हा परदेशात किंमत ३५० डॉलर्सच्या घरात होती. त्याआधी याच कंपनीचं एक फॉर्म्युला चाक होतं, २०११ च्या फेरारी १५०° इटालियाची नक्कल. ते दिसायला छान, पण त्यावरचे दिवे शोभेचे आणि स्क्रीन नाहीच. लग्नाच्या मांडवातल्या थर्माकोलच्या खांबासारखं. फोटोत भारी, टेकू नका.

नव्यात मात्र मामला खरा आहे. पुढची प्लेट कार्बन फायबरची. मधोमध ४.३ इंचाची रंगीत स्क्रीन. एकूण २१ एलईडी, त्यातले वरचे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर पेटत जातात. वाय-फाय आहे, त्यामुळे चालणाऱ्या गेममधली माहिती थेट चाकावर येते : गिअर, वेग, टायरचं तापमान, आधीच्या लॅपपेक्षा आपण किती पुढे-मागे. मागच्या बाजूला मॅग्नेटिक पॅडल शिफ्टर, तेही पुश-पुल. उजवं ओढलं की डावं पुढे जातं. म्हणजे एकाच हाताने गिअर वर आणि खाली, दोन्ही करता येतात.

गंमत म्हणजे हे ज्या गाडीचं चाक आहे, ती फेरारीची २०२० ची गाडी. फेरारीची हजारावी ग्रां प्री त्या वर्षी १३ सप्टेंबरला मुजेल्लोला झाली, म्हणून गाडीचं नाव एसएफ१०००. आणि त्या सीझनमध्ये टीम आली सहावी! फेरारी म्हटलं की आपल्याकडे अजून सचिनची २००२ ची लाल ३६० मोडेना आठवते. त्या तुलनेत ही एसएफ१००० म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. पण चाकाने काय घोडं मारलंय?

चाक गोल का नसतं?

घरी पहिला प्रश्न आईचा. ‘हे अर्धं तुटलेलं आणलंस का?’

तर फंडा असा. आपल्या गाडीला यू-टर्न घ्यायचा तर चाक दोन-तीन वेळा गरगरा फिरवावं लागतं, हात बदलावे लागतात. म्हणून ते गोल. फॉर्म्युला गाडीत एवढं फिरवायचंच नसतं, हात एकाच जागी राहतात. म्हणून वरचा-खालचा भाग कापून टाकला तरी चालतं. आणि हात जागचे हलणारच नसतील तर बटणंही तिथेच आली पाहिजेत. याची सुरुवातही फेरारीचीच. १९८९ च्या ‘फेरारी ६४०’ गाडीत जॉन बर्नार्डने गिअरचा दांडा काढून चाकामागे पॅडल दिले. तो गिअरबॉक्स टिकेल असं टीममध्येही कुणाला फारसं वाटत नव्हतं. पण नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच रेस जिंकली. त्याच रेसमध्ये पिटमध्ये थांबून त्याचं स्टीअरिंग बदलावं लागलं होतं, हे आणखी एक.

त्याचा उलट अर्थही लक्षात घ्या. रॅली किंवा ड्रिफ्टिंग करायचं असेल, ट्रक चालवायचा असेल, तर हे चाक घेऊ नका. अर्ध्या वळणावर हाताला चाकच सापडणार नाही.

दहा बाय बाराची टेस्ट

आमची खोली दहा बाय बारा. त्यात फोल्डिंगचं टेबल, त्या टेबलावर मोटर. टेबल हलू नये म्हणून गिरगावातून सुताराचे दोन सी-क्लॅम्प आणलेत. पेडल मागे सरकू नयेत म्हणून ते भिंतीला टेकवून मध्ये पाट घालतो. होय, देवघरापुढचाच पाट. साडेनऊला जेवणं झाली की सेट लागतो, अकराला उतरतो. कारण कुठलाही चांगला पॅडल शिफ्टर खट्ट-खट्ट वाजतोच, आणि चाळीतली भिंत म्हणजे नावालाच भिंत. ‘काल रात्री उशिरापर्यंत टायपिंग चाललं होतं वाटतं?’ असं शेजारच्या काकूंनी विचारलंच.

टेस्टसाठी ट्रॅक मोंझा. सरळ रस्ते लांबच लांब आणि त्यानंतर पहिल्या शिकेनला जबरदस्त ब्रेक. मित्राची दोन्ही पेडल बाजूला ठेवून आधी जुन्या गोल चाकावर २० लॅप. मग नवं चाक लावून २० लॅप.

पहिल्या पाच लॅपमध्ये मी प्रेमात पडलो, खोटं कशाला बोलू! पकड हातात अशी बसते की खांदे आपोआप खाली येतात. दिवे हिरव्यावरून लालवर आले की गिअर टाकायचा, स्पीडोमीटरकडे बघायलाच नको. पुश-पुल शिफ्टर तर अहाहा! अंगठ्याजवळच्या छोट्या नॉबने ब्रेक बायस बदलायचा, म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती आणि मागच्यांवर किती ते ठरवायचं, आणि आकडा स्क्रीनवर लगेच दिसतो. पूर्वी त्यासाठी कीबोर्ड शोधावा लागायचा. कीबोर्ड असायचा गादीखाली.

मग आकडे काढले. सर्वांत चांगल्या लॅपमधला फरक? एक दशांश सेकंदही नाही.

असं का, ते समजायला सोपं आहे. हाताला रस्ता सांगते ती चाकामागची मोटर. माझी टी३००, २०१४ चं मॉडेल, पट्ट्यावर चालणारी, जोर साधारण ४ न्यूटन-मीटर. चाक बदललं, मोटर तीच राहिली. शिवाय चाक जितकं जड, तितका बारीक थरथरीचा निरोप हातापर्यंत कमी पोचतो. आणि स्क्रीन? वळणावर माझी नजर पुढच्या अ‍ॅपेक्सवर असते, मांडीजवळच्या स्क्रीनवर नाही. सरळ रस्त्यावर ती कामाची. पण सरळ रस्त्यावर कोण हरतं?

पप्पांची टेस्ट

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पप्पा खुर्चीत येऊन बसले. ३२ वर्षं बेस्टमध्ये ड्रायव्हर, त्यातली बरीच डबल डेकरवर. मुंबईत डबल डेकर आली १९३७ मध्ये. नेहमीच्या मार्गांवरच्या जुन्या डिझेल डबल डेकरपैकी शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ ला धावली. त्या दिवशी पप्पा टीव्हीसमोर बराच वेळ काही न बोलता बसले होते.

‘हे स्टेरिंग आहे की कॅल्क्युलेटर?’ त्यांनी चाक दोन्ही हातांत धरलं. मग डोळे मिटले आणि एकेक बटण बोटाने चाचपत गेले. मला हसू आलं.

‘हसू नकोस. डबल डेकरवर आम्हाला खाली बघायला फुरसत नव्हती. हॉर्न, इंडिकेटर, गिअर, सगळं बोटाला ठाऊक पाहिजे. बघून दाबावं लागलं तर ते बटण नाही, शोभा आहे.’

बॉस, इतक्या वर्षांत वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये कुणी ही टेस्ट घेतली नव्हती. मी पण डोळे मिटून बसलो. पॅडल सापडले. अंगठ्याजवळचे नॉब सापडले. खालचे मोठे गोल नॉबही सापडले, पण त्यांच्यासाठी हात पकडीतून सोडावा लागला. मधल्या बटणांत दोनदा चुकलो. म्हणजे पास, पण फर्स्ट क्लास नाही. खरे ड्रायव्हर रात्रंदिवस सराव करून ती बटणं पाठ करतात. आपल्याला रोज दीडच तास मिळतो.

मग पप्पांनी माझ्या जुन्या पेडलवर पाय ठेवला आणि मोंझाला निघाले. पहिल्या शिकेनला सरळ वाळूत. दुसऱ्या लॅपला पुन्हा वाळूत.

‘तुझा ब्रेक मऊ आहे,’ ते म्हणाले. ‘किती दाबला ते पायाला कळतच नाही. गाडीत माणसं उभी असतात रे. वरच्या मजल्यावरून आजी जिना उतरत असते. स्टेरिंग चुकलं तर अर्धा फूट चुकतं. ब्रेक चुकला तर आजी खाली येते.’

मित्राचे लोडसेल पेडल काढले. थ्रस्टमास्टरचेच, टी-एलसीएम, २०२० चं मॉडेल. साध्या पेडलमध्ये पाय किती सरकला ते मोजतात, यात पायाने किती जोर दिला ते मोजतात, १०० किलोपर्यंत. फॉर्म्युला वनच्या खऱ्या गाडीतही असंच असतं. पेडल जेमतेम हलतं, पण ड्रायव्हर त्यावर शंभर किलोच्या वर जोर देतो. आणि आपलं शरीर अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात ठेवतं. डोळे मिटून ‘दोन इंच’ दाबून बघा आणि मग ‘थोडं जोरात’ दाबून बघा. कुठलं दुसऱ्यांदा तस्सं जमतं?

पप्पा तिसऱ्या लॅपला शिकेनमधून सुखरूप बाहेर पडले. फेरारी साधारण नाना चौकातल्या बसच्या वेगाने चालली होती, पण ट्रॅकवर होती. मी त्याच रात्री २० लॅप मारले. माझी सर्वोत्तम लॅप चाकामुळे सुधारली नव्हती. इथे ती तर सुधारलीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वीसच्या वीस लॅप एकमेकींच्या जवळ आल्या. पूर्वी दर तिसऱ्या लॅपला मी वाळूत असायचो. आता वीसमध्ये फक्त एकदा. पाट मात्र दोनदा सरकला, कारण जोर आता खरा लागतो. त्याला कायमचा फळीचा बंदोबस्त करावा लागणार.

मग काय ठरलं?

बुधवारी रात्री टॅक्सी उलटी निघाली, लालबागहून दादरला. मांडीवर पुन्हा फेरारीचं चाक. उतरताना मन खट्टू झालं, नाही कशाला म्हणू! चाक वाईट नाही. उलट, २०११ च्या शोभेच्या चाकानंतर हे खरोखरच पुढचं पाऊल आहे, आणि ज्याची मोटर, पेडल, बैठक आधीच पक्की आहे त्याने जरूर घ्यावं. पण आपल्यासारखा नोकरदार माणूस नेहमी उलट्या टोकापासून सुरू करतो. डोळ्यांना दिसतं ते आधी घेतो, पायाखालचं राहूनच जातं. गाडी असो, फ्लॅट असो की करिअर. असो, फिलॉसॉफी पुरे.

पेडल घरी राहिले. उरलेल्या ११ हजारांपैकी फळीला किती लागतील ते अजून ठरायचंय. आईने बाकीच्यावर आधीच हक्क सांगितलाय. आणि रविवारी दुपारी, सेट लावायच्या आधी, पप्पा विचारतात, ‘आज कुठला रूट?’

थोडक्यात

लूक आणि पकड : ५ पैकी ५. पाहुणे हमखास हात लावणार.

शिफ्टर : ५ पैकी ४॥. अर्धा गुण शेजारच्या काकूंनी कापला.

स्क्रीन आणि दिवे : ५ पैकी ३॥. दिवे रोज कामाचे, स्क्रीन कधी कधी.

बटणं, डोळे मिटून : ५ पैकी ३. परीक्षक : पप्पा.

कुणी घ्यावं : फक्त फॉर्म्युला गाड्या चालवणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे थ्रस्टमास्टरची बसणारी मोटर आहे आणि चांगले पेडल आधीच आहेत.

कुणी थांबावं : ज्यांचे पेडल अजून मऊ आहेत. आधी थांबायला शिका, पळायचं नंतर बघू.