विश्लेषण : २५ गुणांची आघाडी अटलांटाने कशी गमावली?

अमेरिकन फुटबॉलच्या ‘सुपर बोल’मध्ये अटलांटा फाल्कन्स संघ तिसऱ्या सत्रात २८-३ असा पुढे होता. ह्युस्टन येथे ५ फेब्रुवारीला झालेला हा सामना अखेर न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने अतिरिक्त वेळेत ३४-२८ असा जिंकला. सुपर बोलमध्ये याआधी कोणत्याही विजेत्या संघाने १०पेक्षा अधिक गुणांची पिछाडी भरून काढली नव्हती. पराभवानंतर खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकांवरच अधिक टीका झाली.

चाल कोण ठरवते?

या खेळात प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो. पुढच्या वेळी चेंडू घेऊन धावायचे की पास द्यायचा, हे प्रशिक्षक हेल्मेटमधील ध्वनियंत्रणेद्वारे क्वार्टरबॅकला कळवतात. अटलांटासाठी हे काम आक्रमणाचे प्रशिक्षक काइल शानाहान करत होते. त्यांच्याच आखणीवर संघाने साखळीत सर्वाधिक ५४० गुण मिळवले आणि मॅट रायन मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

नेमके कुठे चुकले?

साडेआठ मिनिटे बाकी असताना गुणफलक २८-१२ होता आणि एक यार्ड हवा होता. शानाहान यांनी पास सुचवला. डॉन्टा हायटावरच्या धडकेने रायनच्या हातून चेंडू निसटला आणि थोड्याच वेळात गुणफलक २८-२० झाला.

पुढे ज्युलिओ जोन्सच्या अफलातून झेलामुळे अटलांटा गोलरेषेपासून २२ यार्डांवर पोहोचला. तेथून सुमारे ४० यार्डांच्या किकने तीन गुण मिळाले असते. ११ गुणांची आघाडी एका टचडाउनने भरून निघत नाही. पहिल्या धावेत एक यार्ड गेला. त्यानंतर पासच्या प्रयत्नात रायन १२ यार्ड मागे पाडला गेला आणि नियमभंगामुळे आणखी १० यार्ड गेले. किकचे अंतर ६० यार्डांपुढे गेल्याने चेंडू प्रतिस्पर्ध्याला देणे भाग पडले. पॅट्रियट्सने ९१ यार्डांची मजल मारून ५७ सेकंद शिल्लक असताना बरोबरी साधली.

घड्याळाचे गणित काय?

धावणारा खेळाडू मैदानातच पडला तर घड्याळ चालू राहते आणि पुढच्या चालीपर्यंत ४० सेकंदांपर्यंत वेळ काढता येतो. पास चुकला तर घड्याळ थांबते. म्हणजे दोन-तीन निष्फळ धावाही अटलांटाच्या फायद्याच्याच होत्या. एकतर वेळ गेला असता, नाहीतर पॅट्रियट्सचे टाइमआउट खर्ची पडले असते.

शानाहान यांची बाजू काय?

पासच्या जोरावरच संघ येथवर आला होता. संकट दिसताच रायनला चेंडू बाहेर फेकता आला असता, नियमभंगही खेळाडूचाच. बचाव फळीही थकली होती, कारण पॅट्रियट्सने ९३ चाली खेळल्या, अटलांटाने ४६. मात्र, आक्रमणाने चेंडू जास्त वेळ आपल्याकडे ठेवला असता, तर बचाव फळीला विसावा मिळाला असता. मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांनाही हस्तक्षेप करता आला असता.

पुढे काय?

शानाहान त्यानंतर २०१७मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेथे आक्रमक चाल सुचवणारे तेच आणि ती वेळीच रोखण्याची जबाबदारीही त्यांचीच होती.