देवाचा शिणवटा आणि घराचा

आज कार्तिकी एकादशी. चार मासांची योगनिद्रा सोडून श्रीविष्णू आज जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणूनच ही तिथी प्रबोधिनी. याच सुमारास आपली घरेही दिवाळीच्या सुखातून कामाच्या धबडग्यात परतत असतात. भाऊबीज होऊन नऊ तिथी लोटल्या. फराळाच्या डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा तेवढा उरला. गावाहून रात्रीच्या गाडीने परतलेला गृहस्थ स्नान उरकून तडक कचेरी गाठतो आणि साचलेल्या कामाच्या ढिगाऱ्यापुढे बसतो. सुटीने शीण गेला की वाढला, हे त्याचे त्यालाही उमगत नाही.

अशा वेळी आम्हांस पंढरपूरच्या एका प्रथेचे स्मरण होते. आषाढी आणि कार्तिकी या दोन्ही यात्रांपूर्वी तेथे शेजघरातून देवाचा पलंग काढला जातो. शेजारती नाही, निद्रा नाही. पाठीशी मऊ लोड देऊन विठुराया अहोरात्र भक्तांना दर्शन देत उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या चरणांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात. पलंग पुन्हा जागेवर येतो आणि मगच काकड्यापासून शेजारतीपर्यंतचे राजोपचार पूर्ववत सुरू होतात. देवालाही शिणवटा येतो आणि तो निघाल्यावाचून नित्यक्रमास आरंभ करू नये, ही केवढी मायेची समजूत! आपण मात्र स्वतःसाठी असा एक दिवसही राखत नाही. सुटीची अखेरची रात्रसुद्धा पाहुणचारात आणि प्रवासात घालवायची आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या नावाने कपाळाला आठ्या घालायच्या, यात सगळाच दोष कचेरीचा नव्हे.

परंतु खरा प्रश्न गृहिणीचा आहे. इतरांची सुटी संपते; तिची सुरूच कोठे झाली होती? वसुबारसेच्या आधीपासून ती भाजणी, चकल्या, अनारसे यांत गुंतलेली. आलेल्यागेलेल्यांची सरबराई तिनेच केली. आता पितळेची भांडी घासून माळ्यावर जायची आहेत, पाहुण्यांची अंथरुणे उन्हात घालायची आहेत, आणि ती स्वतः नोकरी करणारी असेल तर आठच्या गाडीसाठी डबाही भरायचा आहे. दिवाळीभर तीच लोडाला टेकून उभी होती. किंबहुना लोडही तिला मिळाला नाही. विठ्ठलाच्या शिणवट्याने हळवी होणारी आपली घरे या शिणवट्याकडे पाहत नाहीत, हे आम्हांस लिहिणे भाग आहे.

आमच्या वाचकांना आम्ही एवढेच सुचवू. परतीचे तिकीट एक दिवस आधीचे काढावे. त्या दिवशी पुरुषांनी आणि मुलांनी भांडी, झाडलोट, धुणे वाटून घ्यावे आणि सायंकाळी खिचडी टाकून घरातल्या माउलीला पानावर आधी बसवावे. कामावरचा पहिला दिवस साचलेल्यांपैकी निकडीचे तेवढे निवडण्यात गेला तरी चालेल. सारे एकाच दिवशी उपसू पाहणारा तिसऱ्या दिवशी अंथरूण धरतो. एसटीचे चालक-वाहक, पोलीस, परिचारिका यांना तर दिवाळीतच अधिक राबावे लागते. त्यांच्या रजेचा दिवस येईतो घरी चार करंज्या राखून ठेवाव्यात.

आपल्या पंचांगालाही अशी घाई नाही. देव जागा झाला म्हणून लगेच लग्नघरांचे मांडव पडत नाहीत. उद्या द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आधी अंगणातल्या तुळशीचे लग्न, ऊस, चिंचा, आवळे. माणसांची लग्ने त्यानंतर. आकाशकंदीलही कित्येक घरांत त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत दारी तेवत असतो. तो उतरवण्यासाठी अजून चार दिवस आहेत.