एकास दहा, पण बी कुणाचं?

थरच्या वाळवंटातली खेजडी म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी शमी. राजस्थानने 1983 मध्ये तिला राज्यवृक्षाचा मान दिला. अलीकडे सौरप्रकल्पांसाठी तिची तोड सुरू झाली, तेव्हा बिकानेर भागातले लोक रस्त्यावर उतरले. अशा वेळी मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं. या आठवड्यात ते पुन्हा कानी पडलं. या उत्तरामागे झाडं नगांवर मोजण्याची सवय आहे. वाळवंटी झाडांच्या बाबतीत ही सवय घातक ठरते.

जैसलमेरच्या बाजूला वर्षाला 200 मिलिमीटरच्याही आत पाऊस पडतो, सीकर-झुंझुनूकडे 400 च्या आसपास. खेजडी दोन्हीकडे उभी आहे. तिचं परागीकरण मुख्यतः कीटकांकडून होतं, त्यामुळे एकाच झाडाच्या शेंगांतल्या बिया सारख्या नसतात. कुणाचं मूळ झपाट्याने खोल जातं, कुणी कीड सोसतं, कुणी थंडी. कोणत्या दुष्काळात यातलं कोण तगेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच सगळ्या प्रकारची झाडं शिल्लक असावी लागतात.

ही विविधता आटली की काय होतं, ते अल्जीरियात दिसतं. सहारातल्या तासिली पठारावर सायप्रसच्या कुळातलं एक झाड आहे. तुआरेग लोक त्याला तारुत म्हणतात. 2001 च्या सुमाराच्या गणनेत जिवंत झाडं भरली 233. त्यातली काही दोन हजार वर्षांची असावीत असा अंदाज आहे. सहारात आजच्यापेक्षा जास्त ओल होती, त्या काळातल्या जंगलाचे हे उरलेसुरले वंशज. त्यांच्या आसपास नवी रोपं जवळजवळ उगवत नाहीत. त्याहून विलक्षण आहे त्यांची प्रजननाची रीत. एरवी परागकणात बापाच्या गुणसूत्रांचा निम्मा संच असतो आणि उरलेला निम्मा आईकडून येतो. तारुतच्या परागकणात संच पूर्ण असतो आणि गर्भ एकट्या परागातूनच वाढतो. आई फक्त पोसते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2001 साली हे सिद्ध केलं. तारुतचा पराग भूमध्य प्रदेशातल्या सायप्रसच्या झाडावर टाकला, तेव्हा त्या बियांतून तारुतचीच रोपं आली. म्हणजे दोन झाडांचे गुण एकत्र येऊन नवं काही घडण्याची वाट इथे बंद झाली आहे. प्रत्येक झाड आपलीच जवळपास प्रत काढतं, आणि ते वाळलं की त्याच्या गुणांचा संच कायमचा जातो. म्हणूनच तिथे एकेका झाडाचं बी वेगळं राखायला हवं.

खेजडीची संख्या मोठी आहे, म्हणून ही तुलना कुणाला ओढूनताणून वाटेल. पण वय पाहावं. शेतांतल्या पुष्कळशा खेजड्या म्हाताऱ्या आहेत. लूंगसाठी, म्हणजे पाल्यासाठी, होणारी अतिछाटणी, मुळं पोखरणारे भुंगेरे आणि बुरशी, खोल गेलेलं भूजल यांनी त्या वाळत आहेत. त्यांच्या जागी नवी झाडं येत नाहीत, याचं मोठं कारण ट्रॅक्टर आहे. बाजरीच्या शेतात खेजडीचं वीतभर रोप वर दिसतं, तेव्हा त्याचं मूळ कितीतरी खाली गेलेलं असतं. उंटाच्या नांगरामागे चालणारा शेतकरी ते पाहून नांगर वळवायचा. ट्रॅक्टरची फिरती तबकडी ते मुळापाशी कापून पुढे जाते. तासिलीत जे हजारो वर्षांत झालं, ते थरमध्ये दोन-तीन पिढ्यांत होऊ शकतं.

भरपाईची दहा रोपं ही पोकळी भरतील का? रोपवाटिकेचं बी सहसा हाताशी असलेल्या, रस्त्याकडेच्या चार-दोन झाडांचं असतं. दहा हजार रोपं लावली तरी ती चार आयांची लेकरं. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने काढलेली ‘थार शोभा’ ही जात डोळा भरून वाढवतात. तिच्या सांगऱ्या, म्हणजे शेंगा, चांगल्या, आणि शेतकऱ्याने ती जरूर लावावी. पण तिचं प्रत्येक कलम जनुकांनी एकच झाड आहे. फळबागेला ते चालतं. तोडलेल्या रानाची भरपाई म्हणून ते मोजणं ही फसवणूक आहे.

खरा ठेवा आहे तो ओरणांत, देवाच्या नावाने राखलेल्या रानांत, आणि बिष्णोई समाजाच्या गावांच्या शिवारांत. 1730 मध्ये राजस्थानातल्या खेजडली गावी अमृतादेवींसह 363 बिष्णोईंनी प्राण दिले ते उभ्या झाडांसाठी. बी घ्यायचं तर अशा ठिकाणांहून, एकमेकांपासून दूर असलेल्या निदान वीस-तीस झाडांचं घ्यावं. जैसलमेरचं बी जैसलमेरच्याच पट्ट्यात पेरावं आणि नोंदवहीत मातृवृक्ष लिहावा. हे काम खर्चिक नाही, चिकाटीचं आहे. तोडीच्या प्रत्येक परवानगीत बियांचा उगम लिहिणं सक्तीचं झालं पाहिजे, आणि ओरणातल्या खेजडीच्या तोडीला तर परवानगी मिळताच कामा नये.