नव्या लॅपटॉपमधले पोटभाडेकरू



रविवारची बुद्धवंदना आटोपली की आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत मुलांची अभ्यासिका भरते. तिथे एके दिवशी एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. ताई एका कार्यालयात साफसफाईचे काम करतात, मिस्टर रिक्षा चालवतात. मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. तिच्यासाठी हप्त्यावर लॅपटॉप घेतला, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. ताईंनी पिशवीतून तो काढला तेव्हा जुन्या ओढणीत नीट गुंडाळलेला होता.

"दादा, याला काय झालंय बघा. कोपऱ्यात सारखी लाल पाटी येते. कम्प्युटरला धोका आहे म्हणते, पैसे भरा म्हणते. एकदा भरले मी. आठ दिवसांनी दुसरीच पाटी आली!"

किती भरले, असे विचारले. एकोणीसशे रुपये. पुढच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले होते, ते गेले. त्याहून वाईट म्हणजे घरात सगळे मुलीलाच बोलत होते. "तूच काहीतरी दाबलं असशील." पोरीने मग लॅपटॉप उघडणेच सोडले होते. कॉलेजचे काम ती मोबाइलवर डोळे फोडून करत होती.

लॅपटॉप उघडून पाहिला. त्याला काहीही झालेले नव्हते. मुलीची काडीचीही चूक नव्हती. ती लाल पाटी बिघाडाची नव्हती, विक्रीची होती. वाचकहो, असे पुष्कळ घरांत घडते, म्हणून आजचा लेख या विषयावर.

हे कोण आणि कुठून आले?

आपण चाळीत खोली विकत घेतली, कुलूप उघडले, तर आत आधीच चार पोटभाडेकरू पथारी पसरून बसलेले! भाडे त्यांनी जुन्या मालकाला दिले आहे आणि जागा आपली अडवली आहे. नव्या लॅपटॉपचे नेमके असेच असते. संगणक चालवायला जे लागते ते त्यात असतेच, पण त्यासोबत महिनाभर फुकट चालणारा अँटिव्हायरस, खेळ, खरेदीची ॲप्स, 'संगणक वेगवान करतो' म्हणणारे प्रोग्रॅम अशी बरीच मंडळी कारखान्यातूनच येतात. संगणकाच्या धंद्यात नफा थोडा. म्हणून हे प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना पैसे मोजून आपला माल आत घालतात. मुदत संपली की त्यातलाच एखादा प्रोग्रॅम लाल पाटी दाखवून पैसे मागू लागतो.

ही मंडळी नुसती जागाच अडवत नाहीत. लॅपटॉप चालू केला की त्यातली बरीचशी आपोआप चालू होतात आणि मागच्या मागे रॅम खातात. मग नवा लॅपटॉप पहिल्या दिवसापासून रखडतो आणि बोलणी मुलांना बसतात.

हे साफ करून देण्याचेही पैसे मागितले गेले आहेत. मार्च २००८ मध्ये सोनी कंपनीने अमेरिकेत आपल्या काही वायो लॅपटॉपमधून असे प्रोग्रॅम काढून देण्यासाठी सुमारे ५० डॉलर जादा आकारायचे ठरवले. म्हणजे घाण कंपनीने करायची आणि झाडण्याची मजुरी गिऱ्हाइकाने द्यायची! लोकांनी ओरडा केला, तेव्हा कंपनीने लगेच ती रक्कम रद्द केली.

याहून गंभीर प्रकार लेनोवो कंपनीच्या लॅपटॉपमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आला. काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा प्रोग्रॅम आधीच घातलेला होता. आपण इंटरनेटवर काही पाहत असताना मध्येच जाहिराती घुसवणे हे त्याचे काम. त्यासाठी तो काय करी? आपण बँकेला पाठवलेले मोहरबंद पाकीट वाटेत फोडायचे, आतले वाचायचे आणि आपली मोहर मारून पुढे पाठवायचे, तशातला हा प्रकार. त्यात मोहरेचा साचा सगळ्या लॅपटॉपना एकच! तो साचा ज्याच्या हाती लागेल त्याला त्याच वाय-फायवर बसून दुसऱ्याचा पासवर्ड वाचता आला असता. कंपनीला तो प्रोग्रॅम काढण्याची सोय करून द्यावी लागली. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेचा व्यापार आयोग आणि ३२ राज्ये यांच्याशी तिला तडजोड करावी लागली, राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले. तेव्हा 'कंपनीने घातलेय म्हणजे चांगलेच असणार' ही समजूत मनातून काढून टाका.

पहिल्या रविवारी काय करावे?

नवा लॅपटॉप घरी आला की पहिल्या सुट्टीच्या दिवशी वही-पेन घेऊन आई, वडील, मुले सगळ्यांनी मिळून बसावे. घाई करू नये.

आधी बिल आणि पेटीतले कागद वाचा. 'ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१' किंवा 'ऑफिस होम २०२४' असे लिहिले असेल, तर ते ऑफिस तुम्ही किमतीतच विकत घेतले आहे. ते काढू नका, आपल्या नावावर नोंदवून घ्या. नुसते 'मायक्रोसॉफ्ट ३६५' असेल तर ते मुदतीचे असते, मुदतीनंतर पुन्हा पैसे लागतात. ते परवडत नसेल तर 'लिब्रेऑफिस' कायमचे मोफत आहे आणि मराठीतूनही वापरता येते.

मग 'सेटिंग्ज' उघडून 'ॲप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' पाहा. सगळ्या प्रोग्रॅमची यादी दिसेल. ती आधी वहीत उतरवून काढा. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा : हवे, नको, माहीत नाही. 'माहीत नाही' असेल त्याला हात लावू नका, कोणाला तरी विचारा. इंटेल, एएमडी, रिअलटेक, एनव्हिडिया ही नावे, तसेच ज्यात 'ड्रायव्हर', 'रनटाइम', 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' असे शब्द आहेत ते राहू द्या. आवाज, पडदा, वाय-फाय त्यांवर चालतात. लॅपटॉप कंपनीचा स्वतःचा 'अपडेट' करणारा प्रोग्रॅमही ठेवावा. 'नको' खूण केलेल्या नावासमोरचे तीन ठिपके दाबले की 'अनइन्स्टॉल' येते. एकेक काढा.

आता अँटिव्हायरसचे. लोक इथेच घाबरतात. मुदतीचा अँटिव्हायरस काढला म्हणजे घराला दार राहिले नाही, असे नव्हे. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर असतो. दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत तो बाजूला थांबतो, दुसरा काढला की आपोआप कामाला लागतो. त्याला वेगळे पैसे नाहीत. काढल्यावर लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा आणि 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण आहे का ते डोळ्यांनी पाहा. अपडेट मात्र वेळेवर होऊ द्या. शिकणाऱ्या मुलांच्या घरगुती वापराला एवढे पुरते.

राहिलेल्यांपैकी जे उगाच आपोआप चालू होतात त्यांना आवरायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जाऊन नको त्याला 'डिसेबल' करा. यात प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही.

एवढे करूनही फार गर्दी असेल तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' या वाटेने 'रिसेट' करता येते. पण मुलांचे सगळे काम आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. 'क्लाउड डाउनलोड' निवडले तर चार जीबीहून अधिक डेटा जाऊ शकतो, मोबाइलच्या डेटावर करणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

काय करू नये?

'संगणक साफ करणारे' फुकटचे प्रोग्रॅम घेऊ नका, एक पोटभाडेकरू घालवायला दुसरा आणल्यासारखे होते. "फॉरमॅट मारून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला नवा लॅपटॉप देऊ नका. विंडोजसह घेतलेल्या लॅपटॉपचा परवाना आपण किमतीत भरलेला असतो, त्याची नोंद यंत्रातच असते. तो चोरीचे विंडोज घालून देईल आणि वर पैसे घेईल. पाटीवर फोन नंबर असेल तर त्या नंबरवर फोन करू नका, कोणी सांगितले म्हणून ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. आणि कार्डावरून एकदा पैसे भरले असतील तर दर वर्षी आपोआप कापण्याची संमती त्यात दिली गेली आहे का, ते तपासा. ताईंच्या बाबतीत ती दिली गेली होती. आम्ही ती बंद केली.

ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही त्यांचा मोबाइल तरी असतोच. तिथेही हेच. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर गूगलची ॲप्स एकगठ्ठा घालण्याची सक्ती होते, या आणि इतर कारणांसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. नको ते ॲप फोनमधून काढता येत नसेल तर 'डिसेबल' होते का ते पाहावे.

पाटीवर लिहिले म्हणून?

तथागतांनी कालामांना काय सांगितले ते आपण विहारात अनेकदा ऐकतो. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, मोठ्या माणसाच्या तोंडून निघाले म्हणून खरे मानू नका, स्वतः पारखा आणि मग स्वीकारा. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात तो याचसाठी, या आणि पाहा. देवाचा कोप, ग्रहांची पीडा यांची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांना आपल्या आईबापांनी १९५६ साली उंबऱ्याबाहेर काढले. आता तीच भीती लाल पाटी होऊन पडद्यावर आली, तर तिच्यापुढे आपण हात जोडायचे काय?

त्या दिवशी अभ्यासिकेत मुलीनेच वहीत यादी लिहिली. तेवीस नावे भरली. तिने स्वतःच्या हाताने अकरा काढली. मी फक्त शेजारी बसलो होतो. लॅपटॉप काही विमान झाला नाही, रॅम आहे तेवढीच आहे. पण लाल पाटी गेली, आणि चालू व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. गेलेले एकोणीसशे काही परत मिळाले नाहीत. ताईंना त्याची हळहळ होतीच. पण निघताना त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला उगाच बोललो गं आम्ही."

बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला पहिला शब्द 'शिका' हा आहे. हप्ते भरून घरात आणलेले शिकण्याचे साधन मुलांच्या हातून भीतीने सुटता कामा नये. आपल्या घरी नवा लॅपटॉप आला असेल, तर येत्या रविवारी वही-पेन घेऊन बसा. आणि मुलांना रागे भरण्याआधी यादी पाहा.

जयभीम!