उपवास आणि खिन्न मन

दिवसातील ठरावीक तासांतच जेवावयाचे आणि उरलेला वेळ उपाशी राहावयाचे, या आहारपद्धतीचा सध्या मोठा बोलबाला आहे. १६ तास लंघन आणि ८ तासांत दोन जेवणे हा तिचा सर्वपरिचित प्रकार. आपल्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून दुसऱ्या दिवशी देवदर्शन झाल्यावरच तोंडात काही घालणाऱ्या गृहस्थाचे १४-१५ तास सहज भरतात; एकाशन करणाऱ्याचे तर त्याहूनही पुष्कळ अधिक.

परंतु अलीकडे या पद्धतीच्या गुणांत नैराश्यनिवारणाचीही भर घातली जाते, आणि आपल्यापैकी काहींना त्यात धर्माचा विजय दिसतो. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावर भाव ठरवू नये, तळातला दाणा हाती घ्यावा, ही आपल्या पेठेची रीत येथेही पाळावी. बराच वेळ अन्न न मिळाल्यास शरीर साठविलेली चरबी वापरू लागते व तिच्यापासून यकृतात होणारी कीटोन द्रव्ये मेंदूलाही इंधन म्हणून चालतात, हे खरे. अमेरिकेत स्थूल नसलेल्या निरोगी माणसांनी दोन वर्षे आहार बेताने घटविला, तेव्हा त्यांची मनःस्थिती सुधारल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले, हेही खरे. पण ही मंडळी आजारी नव्हती. निरोग्यास प्रसन्न वाटणे निराळे आणि नैराश्याने ग्रासलेला बरा होणे निराळे.

याच नाण्याची दुसरी बाजू १९४५ साली मिनेसोटा विद्यापीठात दिसली. अँसेल कीज यांच्या प्रयोगात ३६ निरोगी तरुण सहा महिने अर्धपोटी राहिले. हे सारे महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे, म्हणजे आपल्या विचाराला जवळचेच. त्यांच्यापैकी अनेकांना खिन्नता, चिडखोरपणा आणि औदासीन्य यांनी घेरले.

माझ्या परिचयाच्या एका घरातील तरुणाने दशलक्षण पर्वात दहाही दिवस उपवास केले. मिरवणूक निघाली, सत्कार झाला. आषाढापासून त्याचे जेवण तुटले होते, इकडे कोणाचे लक्ष नव्हते. उपवासात इच्छेचा निरोध असतो. येथे निरोध करावयास इच्छाच उरली नव्हती. पारण्याच्या दिवशीही घास उतरेना, तेव्हा धारवाडला नेऊन मनोविकारतज्ज्ञांना दाखविले. औषधांनी तो सावरला. पण बहिणीचे लग्न जमेपर्यंत बाहेर सांगितले गेले, ते पोटदुखीचेच. बाजारात पत जाईल, सोयरीक मोडेल, या भीतीने आपण मधुमेह उघड सांगतो आणि हा रोग दडवितो.

षोडशकारण भावनांत तपाला ‘शक्तितः’ हे विशेषण आहे, ते विनाकारण नव्हे. सहा बाह्य तपांत अनशनापाठोपाठ अवमौदर्य येते, आणि अंतरंग तपांत वैयावृत्त्य म्हणजे सेवा आहे. रुग्णाशेजारी बसून त्याला दोन घास खावयास लावणारी आई तपच करीत असते, असे मी मानतो. खिन्न माणसाला ‘आर्तध्यान सोड’ असे बजावणारे विद्वानही मी ऐकले आहेत. तापाने फणफणलेल्यास ‘थंड हो’ म्हणण्यापैकीच ते.

निर्जल उपवासाचा धोका तर स्पष्टच सांगावयास हवा. मनोविकारावर लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी घटले, तर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण विषारी पातळीला जाऊ शकते. अशाने डॉक्टरांना विचारल्यावाचून निर्जल व्रत घेऊ नये, आणि व्रतासाठी गोळीही परस्पर बंद करू नये.

म्हणून मंडळाला माझी सूचना अशी : दीर्घ उपवासाचा नियम घेणाऱ्यास घरच्यांनी आधी दोन प्रश्न विचारावेत. औषध कोणते चालू आहे, आणि गेला महिनाभर झोप व भूक कशी आहे? केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आपण दरवर्षी वाटतो त्या तिथिदर्पणात भाद्रपदाच्या पानावर तो छापावा. त्या पानावर तळाला जागा रिकामीच असते आणि छपाईचा खर्चही वाढणार नाही.