कुत्र्याचा शाम्पू : फेस पाहावा की सामू?

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर वाढले. या कामगार वस्तीत रविवारी सकाळी फेरफटका मारला, तर शेपूट पायांत घालून नळाखाली उभा असलेला एखादा कुत्रा हमखास दिसतो. त्याला बहुधा कपड्यांची वडी घासलेली असते. नाहीतर घरातलाच शाम्पू. ज्याला फेस जास्त, तो शाम्पू चांगला, अशी आपली समजूत आहे. मला ती मान्य नाही.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला चिकटते. त्यामुळे पाण्याचे पृष्ठताण निम्म्याहून खाली येते, पाणी केसांत शिरते आणि तेलकट मळ सुटतो. हे काम रेणू करतात. फेस म्हणजे त्यांच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा! परंतु हेच रेणू कातडीतील उपयोगी तेलही काढून नेतात. कुत्र्याची बाह्यत्वचा आपल्यापेक्षा पातळ असल्याने तिला हे अधिक बाधते.

आता सामू पाहा. आपल्या त्वचेचा सामू ५ च्या आसपास, कुत्र्याचा साधारण ६ ते ७.५, तर साबणाचा ९ ते १० असतो. आकड्यांतील हा फरक लहान वाटतो. पण सामूची एक पायरी म्हणजे दहा पट. ७ वरून १० वर गेलात की हायड्रोजन आयनांचे प्रमाण हजार पटींनी घटते. म्हणून कुत्र्यासाठी साबण नको, आणि शाम्पू उदासीनतेच्या जवळचा हवा. शाम्पूच्या प्रत्येक बाटलीवर सामू छापण्याची सक्ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी शाळेतील सामूदर्शक कागद वापरावा. तोही नसेल, तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला टिपकागद घ्यावा. ओल्या साबणाने तो तांबडा होतो. मात्र आम्लधर्मी द्रव हळदीला ओळखता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

बोअरचे पाणी जड असेल, तर आणखी एक अडचण येते. पाण्यातील कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करते आणि तो केसांना चिकटून राहतो. शाम्पूतील कृत्रिम अपमार्जकांचा असा साका होत नाही. ‘कृत्रिम ते वाईट’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. उलट ‘नैसर्गिक’ म्हणून खपणारे टी-ट्री तेल कुत्र्याला विषारी ठरू शकते. आपला रिठा बरा, पण तोही डोळ्यांत जाता कामा नये.

शाम्पू कोणताही असो, पाण्यात पातळ करून लावावा आणि लावण्यापेक्षा धुण्याला जास्त वेळ द्यावा. गोचिडांवर फिनेल किंवा रॉकेल चोळण्याची रीत मात्र आजच बंद करावी. कुत्रा अंग चाटतो आणि ते त्याच्या पोटात जाते. गोचिडांचे औषध पशुवैद्यालाच विचारावे.